लाल नखवाली

अक्कांनी तोंड मिटून घेतलं तेव्हा सुगंधाला आधी वाटलं, खिचडी गरम असेल. तिने घास परत वाटीत टाकला, बोटांनी मोकळा केला, फुंकर घातली आणि पुन्हा ओठांशी नेला. अक्कांच्या ओठांची उजवी कड नेहमीसारखी खाली ओघळलेली होती. पण डावी, शाबूत असलेली, त्यांनी दातांखाली घट्ट धरली होती. डोळे सुगंधाच्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे. ‘तू नको,’ अक्का म्हणाल्या. ‘तिले सांग.’ अर्धांगाचा झटका आल्यापासून अक्कांचं बोलणं ओल्या फडक्यातून गाळून आल्यासारखं यायचं. सुगंधाचा नवरा गिरधर, त्यांचा स्वतःचा मुलगा, त्यालासुद्धा ते कळायचं नाही; तो कामावरून आला की आईच्या खाटेशी दोन मिनिटं बसायचा आणि मान वळवून विचारायचा, ‘काय म्हणतेय गं ती?’ मग सुगंधा सांगायची. आजचे शब्द मात्र धुऊन वाळत घातल्यासारखे स्वच्छ आले. दारात उभ्या असलेल्या कुंदालाही ते कळले. तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, हेच सुगंधाला सगळ्यात आधी बोचलं.

कुंदा पुढे आली. ती लीलाधरची, म्हणजे गिरधरच्या धाकट्या भावाची बायको. लग्नानंतर वर्षभरात दोघं अमेरिकेत गेली होती, आणि आता कुंदा एकटीच आली होती, धुळ्याला तिच्या भावाचं लग्न होतं म्हणून. लग्न आटोपून थोडे दिवस ती सासरी, जळगावला राहायला आली. ‘मी भरवू का, ताई?’ तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वाटी घेतली. वाटीवर तिची नखं टकटक वाजली. लाल, लांब, सगळी एका मापाची, काचेसारखी चकचकीत. ती नखं खिचडीत जाताना सुगंधाने पाहिली. पण अक्कांचं तोंड उघडलं. पाखराच्या पिलासारखं, लगेच. एक घास गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला कुंदाचा हात जरा घसरला आणि नखाची कड अक्कांच्या ओठाला आतून लागली. रक्ताचा एक ठिपका खिचडीच्या शितावर उमटला. ‘अगं बाई!’ कुंदाने हात मागे घेतला, तिचा चेहरा पांढराफटक पडला. अक्का मात्र हसत होत्या. अर्ध्या तोंडाने. ‘लागनं नही,’ त्या म्हणाल्या, आणि डाव्या हाताने कुंदाचं बोट धरून त्या लाल नखावरून अंगठा फिरवत राहिल्या.

सुगंधा पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मागच्याच महिन्यात न्हाऊ घालताना तांब्याची कड अक्कांच्या कपाळाला लागली होती. तेव्हा अक्का अशा ओरडल्या होत्या की शेजारच्या कमलबाई धावत आल्या. रक्त नव्हतं, साधा वळसुद्धा नव्हता. आणि आज ‘लागनं नही’. कुकरच्या झाकणातून अजून वाफ येत होती. सुगंधाने आपले हात बघितले. हळदीने पिवळी पडलेली नखांची टोकं, भाकरीच्या तव्याने अंगठ्याला पडलेला जुना काळा डाग, धुण्याच्या सोड्याने उललेली नखांभोवतीची कातडी. ह्या हातांना अक्कांची प्रत्येक गोष्ट माहीत होती. कुठल्या कुशीला वळवलं की बरगडी दुखते, केसांत कुठे तेल जिरत नाही, पोट साफ होणार असलं की त्यांच्या पायाची बोटं कशी आखडतात. अक्का न्हाणीत पडल्या त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. सुगंधाने त्यांना उचललं होतं, ओल्या, जड, एका बाजूने मेलेल्या अक्कांना, काखेत हात घालून, खाटेपर्यंत. त्यानंतर कित्येक आठवडे अक्कांच्या तोंडून नुसते आवाज यायचे आणि एका सकाळी त्यातून ‘सुगं’ असं काहीतरी निघालं. मुलाचं नाव नाही, देवाचं नाही. ते अर्धं नाव सुगंधाने कुणाला सांगितलं नव्हतं. दागिना पेटीत ठेवावा तसं ते तिने ठेवलं होतं, आणि कधीतरी दुपारी घर निजलेलं असताना काढून बघितलं होतं.

कुंदा आली त्या दिवसापासून काहीतरी हललं होतं. तशी मत्सर करायला जागा खूप होती आणि सुगंधाच्या आधीच त्या सगळ्या जागा वापरून झाल्या होत्या. कुंदाच्या बॅगेचा वास, साबण, कोरा कागद आणि थंडी यांचा मिळून असतो तसा. तिचं उशिरा उठणं, आणि त्याला कुणी काही न म्हणणं. ‘तिकडची रात्र आहे ना आत्ता,’ गिरधर कौतुकाने सांगायचा, जणू तिकडची रात्र त्यानेच पाठवली होती. कमलबाईंनी तर तिची बोटं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली होती. ‘खरी शेत का व ही?’ कुंदा हसून म्हणाली होती, खरी नाहीत, वरून बसवलेली आहेत. तिकडे एक घट्ट रस नखांवर लावतात आणि जांभळ्या दिव्याखाली हात धरायला सांगतात, मग तो काचेसारखा टणक होतो. वर रंग. सुगंधा तेव्हा पलीकडे वांगी भाजत होती. भरितासाठी भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचायचं काम कुंदाने हौसेने मागून घेतलं होतं, आणि एका वांग्याची साल काढून होईतो ते तिच्या नखांनी पार विस्कटलं होतं. सगळे हसले. सुगंधाने उरलेली सोलली, निखाऱ्यावरची, गरम, भराभर. ती भराभर सोलते आहे हे कुणी पाहिलं नाही, कारण ती तशीच सोलत आली होती.

पण त्या सगळ्याचं काही विशेष नव्हतं. साड्या, बॅगा, उशिरा उठणं, हे डोळ्यांत गेलेल्या कचऱ्यासारखं. चोळलं की खुपतं, सोडून दिलं की वाहून जातं. अक्कांनी तोंड मिटून घेतलं ते निराळं होतं. ते आत खाली कुठेतरी उतरलं, जिथे सुगंधा कधी गेली नव्हती, आणि तिथे तिला एक बाई बसलेली दिसली. ती म्हणत होती, म्हातारी माझी आहे.

ती पाण्याचा तांब्या घेऊन परत आली तेव्हा कुंदा रुमालाने अक्कांचा ओठ टिपत होती. ‘ताई,’ ती म्हणाली, ‘मला ही नखं काढायचीत. आजच. तुम्ही काढून द्याल?’

सुगंधाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ‘मी? मला काय येतं त्यातलं?’

‘मलाही नाही येत. मी कधी स्वतः काढली नाहीत.’ कुंदाने डावा अंगठा पुढे केला. त्याला पट्टी होती. ती पट्टी सुगंधाने पहिल्या दिवशीच पाहिली होती आणि काही विचारलं नव्हतं. ‘धुळ्यात देवपुरात एका पार्लरमध्ये गेले होते. त्या बाईने आधी थिनरमध्ये बोट बुडवून ठेवलं. हे रसायनच असं आहे की ते कशानेच विरघळत नाही. ते तिला माहीत नव्हतं, आणि मलाही कुठे आठवलं? मग तिने चाकूच्या टोकाने उचकटलं. वरचं निघालं, पण माझ्या नखाचा पापुद्रा घेऊन निघालं. पंख्याचा वारा लागला तरी ठणकतं. तिथून उठून आले. नंतर घरी आल्यावर आठवलं, तिकडे नखं करणारी बाई दर वेळी सांगते, ओढायचं नाही, उपटायचं नाही, नुसतं घासत घासत पातळ करायचं. कानशी आहेत माझ्याकडे. पण उजवा हात मी कशाने घासू? ह्या अंगठ्यात तर धरताच येत नाही.’

‘राहू दे की मग. चांगली दिसतात.’

‘त्यांना लागतंय, ताई.’ कुंदाने अक्कांकडे पाहिलं. ‘मी आहे तोवर मीच भरवीन म्हणते.’

मीच. सुगंधाने तांब्या खाली ठेवला. म्हणजे आपण हिची नखं घासून द्यायची, हिचे हात मऊ, निर्धोक करून द्यायचे आणि मग आपली जागा त्या हातांना द्यायची. एखाद्या शहाण्या बाईने हसून नाही म्हटलं असतं, धुणं पडलंय, दळण टाकायचंय. सुगंधाच्या तोंडून मात्र निघालं, ‘मागे चल. उजेड आहे तिथे.’

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ डिसेंबरचं ऊन पडलं होतं. त्या उन्हात नुसता उजेड असतो, भाजत नाही. सुगंधाने पोतं अंथरलं. कुंदाने बॅगेतून सामान आणलं: दोन पट्ट्या, एक खरखरीत आणि एक मऊ, पॉलिशपेपर चिकटवल्यासारख्या, एक जाड नेलकटर, रंग काढायची बाटली. रंग कापसाने निघाला. नऊही नखांवरून लाल उतरलं आणि कापसाचे बोळे पोत्यावर साचले, आणि सुगंधाला एकदम आठवलं ते तिचं स्वतःचं लाल. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी पारोळ्याच्या बाजारातून तिने एक बाटली आणली होती. आई, तानुबाई, नुसती बघत राहिली. सुगंधाने घरामागे बसून नखं रंगवली, बोटं पसरून वाळवली, त्या दिवशी कशाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सासरची माणसं आली. अक्का तेव्हा ताठ होत्या, उंच, त्यांच्या नऊवारीचा काठ खोलीभर चालायचा. त्यांनी सुगंधाचे हात हातात घेतले, तळवे उलटे केले, कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी पडलेले ओरखडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘पोरना हात कामना शेतस.’ सगळे खूश झाले. मग हात सुलटे केले आणि नखं पाहिली. ‘हाई खरडी टाक. सैपाकमा उतरी.’ लग्न ठरलं. सुगंधाने संध्याकाळी ब्लेडच्या तुकड्याने रंग खरडला. नखांवर पांढऱ्या रेघा पडल्या, त्या हळद लागली तरी दिसत होत्या. तिला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं. उलट आपल्या हातांत काहीतरी आहे ते ह्या उंच बाईने ओळखलं, असं वाटून ती फुगली होती. आणि त्याच बाईने आज कुंदाच्या लाल नखावरून अंगठा फिरवला. तो अंगठा सुगंधाला आपल्या नखांवर हवा होता, तेव्हा, लग्नाआधी. हे तिला आज कळत होतं.

‘आधी टोकं कापा,’ कुंदा म्हणाली. ‘एकदम नको, कडेकडेने थोडी थोडी. नाहीतर मधून तडकतं.’

सुगंधाने पदर नाकावरून बांधून घेतला आणि कटर लावला. कट्. काचेचा तुकडा उडून दगडावर पडला. कट्. लांबी गेली तशी बोटं वेगळीच दिसायला लागली, आखूड, जरा बावळट. मग खरखरीत पट्टी. नख नव्हे, नखावर बसलेलं ते दुसरं काही घासायचं होतं. पहिल्यांदा पट्टी घसरली, मग धरली. एकाच दिशेने, कुंदा सांगत होती, पुढेमागे नको, मधेमधे उचला, भुगा पुसा आणि बघा. भुगा पांढरा पडत होता, तांदळाच्या पिठासारखा पण हलका, सुगंधाच्या मांडीवर, हाताच्या केसांवर. सर्र, सर्र. काम हाताला सापडलं तसं सुगंधाचं मन हातातून सुटलं. तिला हातातलं बोट कुणाचं आहे हे काही वेळ आठवेनाच. थोडं घासलं की चकाकी गेली, मग धुकट थर आला, त्या थराखाली खूप खोलवर कुंदाचं खरं नख दिसायला लागलं, गढूळ पाण्याच्या तळाशी दगड दिसावा तसं.

‘खऱ्या नखाच्या रेघा दिसायला लागल्या की थांबायचं,’ कुंदा म्हणाली. ‘पातळ थर राहू द्यायचा. तो वाढीबरोबर आपोआप पुढे जातो. सगळं काढायला गेलं की खालचं जातं.’

‘बरं.’

‘तुमचा हात हलका आहे, ताई.’

ह्या कौतुकाने सुगंधाला राग आला. हलका आहे म्हणूनच तर. तिने दुसरं बोट घेतलं, तिसरं घेतलं. ऊन जरा सरकलं. आतून अक्कांच्या खोकण्याचा आवाज आला आणि दोघींचीही मान एकदम वळली. सुगंधाने ते पाहिलं. हिची का वळावी? चार दिवसांच्या पाहुणीची?

करंगळीशेजारच्या बोटाचं नख कडेने सुटलेलं होतं. थराच्या आत हवेचा पांढरा डाग दिसत होता, अर्ध्या नखापर्यंत. सुगंधाने पट्टीची कड त्याखाली घालून पाहिली. गेली. सहज गेली. तिथे पट्टी जरा तिरकी केली, एक हिसका दिला, तर सगळं एकदम येईल, आणि बरोबर खालचंही येईल. अंगठ्याचं आलं तसं. मग ह्याही हाताला पट्टी. मग ह्या हाताने खिचडी कालवता येणार नाही. तिखटमीठ, गरम, ओलं, काहीच सोसणार नाही. आणि कुणी काही म्हणणार नाही, कारण सुगंधाला ह्यातलं काय येतं? ‘अगं बाई, चुकून झालं.’ हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, स्वरासकट. कुंदाने डोळे मिटले होते. उन्हात तिच्या पापण्या किंचित थरथरत होत्या, आणि ती बोलत होती.

‘माझी आई गेली ना मागच्या साली, तेव्हा मी तिकडेच. फोन आला, मग तिकीट, मग मुंबई, मग धुळं. पोचले तोवर दहावा झाला होता. घरी सगळे सांगत होते, शेवटी शेवटी ती कुणाच्या हातचं खायची नाही. तोंड मिटून घ्यायची. मोठ्या झुलालभाऊने भरवलं, वहिनीने भरवलं, नाही म्हणजे नाही. मी असते तर खाल्लं असतं का, कोण जाणे. कदाचित माझ्याही हातचं नसतं खाल्लं. पण ते आता कळायचं नाही ना.’

सुगंधाची पट्टी नखाखाली तशीच होती. तिला दया यायला हवी होती. ती आलीही, पण तिच्या मागून, तिला ढकलत, दुसरं काहीतरी आलं. म्हणजे हिला अक्का नकोच आहेत. हिला हिची आई हवी आहे, आणि ती माझ्या अक्कांच्या तोंडात शोधते आहे. आणि अक्का उघडतात तोंड! सुगंधाने पट्टी बाहेर काढली. कटर घेतला आणि सुटलेला भाग कडेकडेने कापून टाकला, हळूहळू, जिथवर सुटला होता तिथवरच. का, ते तिला सांगता आलं नसतं. चांगुलपणाने नक्की नाही. तिच्या हातांना वाईट काम करायची सवय नव्हती, एवढंच. मन तयार होतं, हातच ऐकेनात.

मधल्या बोटावर मात्र तिने पट्टी उचलली नाही. सर्र, सर्र, सर्र, एकाच जागी, जोराने. बोट हातात तापत गेलं. ‘स्स,’ कुंदा म्हणाली. सुगंधाने ऐकलं. ऐकूनही पट्टी आणखी थोडी फिरली. ‘ताई, भाजतंय! उचलून उचलून घासा ना.’ कुंदाने हात ओढून घेतला नाही, नुसतं सांगितलं. सुगंधाने पट्टी खाली टाकली आणि ते बोट तोंडाशी नेऊन फुंकर घातली. अक्कांच्या घासावर घालते तशी, ओठ गोल करून, लांब. तिचं तिलाच ते इतकं विचित्र वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ‘भुगा गेला डोळ्यांत,’ ती म्हणाली.

उरलेली बोटं तिने जपून केली. मग मऊ पट्टीने सगळ्या नखांवरचे ओरखडे गुळगुळीत केले. शेवटी खोबऱ्याचं तेल आणलं आणि एकेका बोटाच्या मुळाशी चोळलं. तेलाखाली ती नखं गुलाबी, फिकट, थोडी ओबडधोबड दिसली. कुठल्याही बाईची असावीत तशी. इतके दिवस जे डोळ्यांत सलत होतं ते पोत्यावर भुगा होऊन पडलं होतं, आणि सुगंधाला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मत्सराला टांगायची खुंटी गेली, तो आता हातातच उरला.

संध्याकाळी कढी-खिचडी केली. वाटी कुंदाने नेली. सुगंधा मुद्दाम स्वयंपाकघरात थांबली, पापड भाजत; तिला बघायचं नव्हतं. पण कान खोलीत होते. खाट करकरली. कुंदाचा आवाज आला, ‘अक्का, आ करा.’ मग काही नाही. मग पुन्हा, ‘करा ना आ. मी आहे, कुंदा.’ आणि मग अक्कांचा आवाज, ओल्या फडक्यातला, जो फक्त सुगंधालाच कळायचा: ‘कोन शे व तू?’

पापड करपला. सुगंधाने तो तसाच चिमट्यात धरून ठेवला.

‘मी कुंदा, अक्का. लीलाधरची. दुपारी नाही का मी...’

‘सुगंधाले बलाव.’

सुगंधाने ओ दिली नाही. तिच्या छातीत काहीतरी गरम पसरत होतं, लहानपणी आजारी असताना गुळाचा काढा पोटात उतरायचा तसं. अजून एकदा म्हणू दे. ‘सुगंधा,’ अक्कांनी हाक मारली. पूर्ण नाव. त्या सकाळच्या ‘सुगं’नंतर इतक्या दिवसांत त्यांनी पूर्ण नाव घेतलं नव्हतं. अजून एकदा. गॅसची निळी ज्योत हलत होती. ‘सुगंधाऽ!’ आता त्या आवाजात चिडचिड होती, भीती होती, आणि तरीही सुगंधा क्षणभर तशीच उभी राहिली, डोळे मिटून, त्या हाकेखाली, जशी कुणी पावसात उभं राहावं. मग तिने चिमटा ठेवला, गॅस बंद केला आणि गेली.

कुंदाने वाटी तिच्या हातात दिली आणि मागे सरकली. तिची बोटं तेलाने अजून चकाकत होती. सुगंधाने घास केला. अक्कांनी तोंड उघडलं. एक, मग दुसरा, मग कढीचा घोट. ओठाची आतली जखम चुकवून ती घास डाव्या बाजूने सारत होती. हे तिच्या बोटांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. अर्धी वाटी संपल्यावर अक्का थांबल्या. त्यांनी डाव्या हाताने सुगंधाचं मनगट धरलं आणि दाराकडे बघितलं, जिथे कुंदा उभी होती, आणि तिच्या आरपार पलीकडे बघितलं.

‘ती कोठे गई?’

‘कोन, अक्का?’

‘ती. लाल नखवाली.’

सुगंधाला पाठीमागे कुंदाचा श्वास थांबल्याचं कळलं. एवढंच म्हणायचं होतं: हाई काय, हाई उभी शे, दखा. कुंदाचा हात धरून अक्कांच्या हातात द्यायचा होता. अक्कांनी ओळखलं असतं, नसतं. पण त्या बाईने एवढ्याचसाठी बोटं भाजून घेतली होती. शब्द ओठांशी आले होते.

‘ती गई, अक्का,’ सुगंधा म्हणाली. ‘तिना घर गई.’

‘गई?’

‘हां. गई.’

अक्कांनी थोडा वेळ विचार केला. मग मनगट सोडलं आणि तोंड उघडलं. सुगंधाने उरलेली वाटी भरवली. मागे वळून बघितलं नाही. दारातून पावलं निघून गेल्याचं तिने ऐकलं, पण पावलांचा आवाज म्हणजे काय, तो कुठेही जाऊ शकतो. अक्कांचं तोंड पुसलं, उशी सारखी केली, पांघरूण पायाखाली खोवलं. सगळं नेहमीचं, नेहमीपेक्षा सावकाश. जिंकल्यासारखं वाटत होतं आणि त्या जिंकण्याला कसला तरी वास होता, करपलेल्या पापडाचा असेल.

कुंदा स्वयंपाकघरात पाट मांडून बसली होती. तिने दोन ताटं घेतली होती. गिरधर यायला अजून वेळ होता, मुलं पुढच्या खोलीत टीव्हीसमोर होती. सुगंधाने कढी ढवळली, गरज नसताना ढवळली. काहीतरी बोलायला हवं होतं. ‘त्यांच्या लक्षात राहत नाही आता,’ असं काहीतरी. पण ते खोटं होतं. अक्कांच्या लक्षात होतं, म्हणून तर त्यांनी विचारलं.

‘बरं केलंत, ताई,’ कुंदा म्हणाली.

सुगंधाच्या हातातला पळा थांबला.

‘मी खरंच परवा-तेरवा जाणार. मग त्यांनी वाट बघितली असती. तोंड मिटून बसल्या असत्या माझ्या आईसारख्या. तुम्ही तो विचार केलात. मला नसता सुचला.’

सुगंधाने तिच्याकडे पाहिलं. कुंदाचे डोळे लाल होते, पण तोंडावर काही नव्हतं, ना टोमणा, ना राग. ती खरंच तसं मानत होती की तिने इथे बसल्या बसल्या स्वतःला तसं मानायला लावलं होतं? की ती सगळं समजून, सुगंधाला बसायला जागा करून देत होती, जसं पाहुण्याला देतात? हे विचारता येणं शक्य नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट सुगंधाला हळूहळू, नको असताना, दिसायला लागली: कुंदा म्हणते ते बरोबरही होतं. अक्कांनी वाट बघितली असती. उपाशी राहिल्या असत्या. वाईट मनाने केलेलं नेमकं करायला हवं होतं तेच निघालं. मग त्याचं काय करायचं? ते कुणाच्या नावावर लिहायचं?

‘हं,’ सुगंधा म्हणाली.

तिने कुंदाच्या ताटात खिचडी वाढली, वर तूप घातलं. थांबली. मग आणखी एक चमचा घातलं. कुंदाने बोटं खिचडीत घातली आणि झटकन वर घेतली. घासलेल्या नखांना गरम सोसत नव्हतं. सुगंधाने उठून पितळी घेतली, खिचडी तीत पसरली आणि पंखा वाढवला. दोघी ती निवण्याची वाट बघत बसल्या. पुढच्या खोलीत टीव्हीवर बातम्या लागल्या.

आतून अक्कांनी हाक मारली. शब्द नीट आला नाही, ओला, अर्धवट, मधेच तुटलेला. सुगंधाने मान तिरकी करून ऐकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला अक्कांचं बोलणं कळलं नाही. ते तिचंच नाव असेल. कुंदाचंही असू शकेल. दोन्हींत शेवटी ‘आ’ होता.

‘तू जा,’ सुगंधा म्हणाली.

कुंदा हसली. निवलेल्या खिचडीचा घास तिने आपल्या आखूड, उघड्या बोटांनी जमवला.

‘मी कशी जाणार, ताई?’ ती म्हणाली. ‘मी तर गेलेय ना.’

सुगंधाने हात धुतला, पदराला पुसला आणि आत गेली.